शिपाईला तोंडाने काही देऊ नये

सिस्टरच्या तोंडून कुणाच्या आजाराचं नाव कधी बाहेर पडलं नाही. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी इंजेक्शनं दिली, जखमा धुतल्या, बीपी मोजलं; पण कुणाला काय झालंय हे त्यांच्याकडून काढून घेणं कुणालाच जमलं नाही. ‘‘समोरच्या भाऊजींकडं रोज जाऊन राहिल्या तुम्ही, काय झालंय त्यांना?’’ असं एखादीनं विचारलं की सिस्टर म्हणत, ‘‘रोज पाहुणे येऊन राहिलेत त्यांच्याकडं, ते झालंय.’’ विचारणारी हसायची. आपल्याला काहीच कळलेलं नाही, हे घरी गेल्यावर तिच्या लक्षात यायचं.

सिस्टर मूळच्या हदगावकडच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि नांदेडला आमच्या कॉलनीत कडेच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. नवरा नव्हता, मूल नव्हतं. एक कुत्रा होता. वॉर्डाच्या दाराशी बसून असायचा म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं नाव शिपाई ठेवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी सिस्टर हार गळ्यात घेऊन गेटबाहेर पडल्या, तर तो मागे मागे रिक्षापर्यंत आला. ‘‘त्याची पण सर्व्हिस संपली होती,’’ एवढंच त्या सांगत.

पहिली दोन वर्षं कॉलनीची तक्रार होती की शिपाई फार भुंकतो. पालिकेत अर्ज गेले. कुणी सिस्टरच्या दारावर खडूनं ‘कुत्रं हटवा’ असं लिहिलं. सिस्टरनी फडक्यानं ते पुसलं आणि ज्याच्यावर संशय होता त्याच्याच घरी त्याच्या आईची पट्टी बदलायला गेल्या. पुढं शिपाई भुंकायचा थांबला. पण भुंकणं मोजत बसणाऱ्या एकाही माणसाला तो गप्प का झाला, असा प्रश्न पडला नाही.

मलाही पडला नाही. इथं मला माझ्याबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचा अन्याय मी केला आहे.

मी पत्रकांवर वाढले. वडिलांचा छोटा छापखाना. मोर्चा, धरणं, जयंती, बहिष्कार, सगळ्यांची पत्रकं आमच्या घरात जमिनीवर बसून मोजली आणि घडी घातली जात. लिहिता येऊ लागल्यावर मी पहिल्यांदा आपणहून लिहिलेले शब्द ‘जाहीर निषेध’ होते. जे उघड बोललं जात नाही तिथं काहीतरी सडलेलं असतं, असं मला वाटायचं. कॉलेजात आम्ही पाच जणांनी मुक्या जनावरांसाठी एक गट केला होता. प्रशांत फोटो काढायचा, मी लिहायची.

एका उन्हाळ्यात शिपाईच्या बरगड्या दिसू लागल्या. तो बाहेरच्या ओट्यावरून आतल्या खोलीत गेला आणि खिडकीच्या गजाला बांधलेला दिसू लागला. मग फाटकावर एक पुठ्ठा लागला. त्यावर लाल शाईत, दवाखान्यात खाटेला अडकवतात तसल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘शिपाईला तोंडाने काही देऊ नये.’

वॉर्डात ज्यानं तीस वर्षं काढली त्याला या ओळीचा अर्थ लगेच कळेल. आम्हाला वाटलं, ही बाई कुत्र्याला उपाशी ठेवते आणि दुसऱ्यालाही घालू देत नाही. शेजारच्या इंदूकाकू रडवेल्या होऊन सांगत, ‘‘एवढुसा झालाय गं तो. सारखा माझ्याकडंच बघत राहतो.’’ प्रशांतनं फोटो काढला. पुढं पुठ्ठा, मागं बरगड्या आणि त्याच्याही मागं खुर्चीत भाकरी खाणाऱ्या सिस्टर. तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. मी पत्रक लिहिलं. त्यातली एक ओळ मला तेव्हा फार आवडली होती: ‘जो लपवतो तो गुन्हेगार असतो.’ खाली कारवाईच्या मागणीचा अर्ज, त्यावर पहिली सही माझी. एका आठवड्यात सगळ्या गल्लीनं सह्या केल्या. भुंकतो म्हणून ज्यांनी तक्रार केली होती, त्यांनी सगळ्यात आधी.

सिस्टरना मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं, हे खरं आहे. पण मी विचारलं नव्हतं.

पालिकेची पिंजऱ्याची गाडी सकाळी अकराला आली. गाडीसोबतचे सुपरवायझर सभ्य माणूस होते. त्यांनी चप्पल बाहेर काढली आणि हात जोडले. ‘‘सिस्टर, माझ्या बायकोचं बाळंतपण तुमच्याच हाताखाली झालंय. पण अर्ज आलाय. न्यावं लागतंय.’’

‘‘कुठं?’’

‘‘निवाऱ्यात. काही काळजी करू नका. तिथं पोटभर खायला घालतात.’’

सिस्टरनी दाराची चौकट धरली. ‘पोटभर’ हा शब्द ऐकून त्यांनी दुसरा हातही चौकटीला लावला.

‘‘तुमच्या डॉक्टरला पाठवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याला सांगते. इथं न्हाई.’’

‘‘डॉक्टर आज लोह्याला शिबिराला गेलेत.’’

‘‘मग उद्या पाठवा.’’

‘‘उद्यापर्यंत काय त्याचा सापळा करणार का?’’ गर्दीतून कुणीतरी ओरडलं. प्रशांत मोबाइल उंच धरून उभा होता. इंदूकाकू पदर तोंडाला लावून भिंतीपलीकडून बघत होत्या. दोरीचा फास घेतलेला माणूस पायरी चढला. तेव्हा सिस्टरनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

‘‘प्रेसवाल्याची पोर ना तू? ते पत्रक तूच लिहिलंस?’’

‘‘हो.’’

‘‘चार्ज घेतेस?’’

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, ‘‘ड्युटी बदलताना पेशंटचा चार्ज देतात. जी घेते तिला सगळं सांगायचं. बाकी कुणाला न्हाई. घेतलास तर तू पण कुणाला सांगायचं न्हाई. बोल लवकर, लई वेळ न्हाई माझ्यापाशी.’’

मी ‘घेते’ म्हणाले. खरं सांगायचं तर, आत जाऊन पुरावा मिळेल म्हणून म्हणाले.

आत खिडकीखाली, बाहेरून दिसत नाही अशा जागी, चादर अंथरलेली होती. वर खिळ्याला सलाइनची बाटली. भिंतीवर तक्ता: किती वाजता पेज, किती चमचे, किती वेळा लघवी, उलटी झाली का. सिस्टरनी उभ्या उभ्या, वॉर्डात सांगतात तशा सपाट आवाजात, मला चार्ज दिला. आजाराचं नाव सांगितलं. ते नाव मी इथंही लिहिणार नाही. त्या आजारात वजन उतरतंच. पातळ पेज चमच्या-चमच्यानं, दर दोन तासांनी. त्याबाहेरचा कुठलाही घास पोटात गेला की दोन दिवस उलट्या. कुणीतरी भिंतीवरून पोळी टाकत होतं, म्हणून तो आत. पोळीच्या वासानं तो दाराकडे ओढ घ्यायचा, म्हणून बांधलेला. पोळी थांबावी, म्हणून पुठ्ठा. आमच्या पत्रकातला एकेक आरोप माझ्यासमोर औषध होऊन उभा राहिला.

‘‘आजारी आहे एवढं तरी लिहायचं की फाटकावर,’’ मी म्हणाले.

‘‘आजारी लिहिलं की पहिले विचारतात, काय झालंय. मग विचारतात, आमाला होईल का. त्याच्यानंतर गाडी येते.’’ मग त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगितली. एका खेड्यात त्यांनी एका माणसाच्या आजाराचं नाव एकाच बाईला, विश्वासानं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं त्या घरची ज्वारी दळायला नाही म्हटलं. ‘‘दाण्याला आजार होतो का गं? पण न्हाई दळलं. त्या माणसाची बायको डोक्यावर डबा घेऊन माझ्यासमोरून परत गेली. महिन्याभरात घर गेलं गाव सोडून. नाव मी सांगितलं होतं.’’

मी बाहेर आले. फासवाला दारात होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सुपरवायझरना म्हणाले, ‘‘अर्जावर पहिली सही माझी आहे. मी अर्ज मागे घेते. कुत्रा न्यायचा नाही.’’

‘‘काय झालं आत?’’ प्रशांतनं विचारलं.

‘‘सांगता येत नाही.’’

‘‘सांगता येत नाही?’’ तो हसला आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर आणला. ‘‘तूच लिहिलंस ना, जो लपवतो तो गुन्हेगार असतो? म्हातारीनं काय चहा पाजला का तुला?’’

‘‘पेढा दिला असंल!’’ मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. ज्यांच्या टाळ्यांवर मी इतके दिवस तरंगत होते तेच लोक. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्या एका वाक्यात सगळे गप्प झाले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मागं खोलीत सिस्टर उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या, शिपाईच्या अंगावरची माशी हाकलत होत्या. मी परत म्हणाले, ‘‘सांगता येत नाही. पत्रक मी लिहिलं, ते खोटं आहे.’’

‘‘विकली गेली,’’ प्रशांत कॅमेऱ्याला म्हणाला.

सुपरवायझरनी डोकं खाजवलं. ‘‘ताई, सह्या शंभराच्या वर आहेत. डॉक्टर उद्या सकाळी येतील. तोवर कुत्र्याला काही झालं तर कोण जबाबदार?’’

‘‘मी.’’

‘‘लिहून द्या.’’

मी त्यांच्या वहीत लिहून दिलं. गाडी रिकामी वळली. सबंध रात्र तो जगतो की नाही, या भीतीत मी जागी होते. सकाळी डॉक्टर आले, दार लावून घेतलं, थोड्या वेळानं बाहेर आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, ‘‘कुत्रा इथंच राहील.’’ का, ते त्यांनी सांगितलं नाही. सिस्टर खूश झाल्या. ‘‘शिकलेला डॉक्टर हाय,’’ म्हणाल्या.

त्यानंतर सव्वा महिना मी दुपारची ड्युटी केली. सिस्टरच्या हाताखाली काम करणं सोपं नव्हतं.

‘‘हात धुतलेस?’’

‘‘धुतले.’’

‘‘मग ओले कसे न्हाईत?’’

‘‘पुसले.’’

‘‘कशाला?’’

‘‘ओढणीला.’’

‘‘मग ओढणीच धुतलीस असं म्हण. जा, परत धू.’’

पेज अर्धा चमचा जास्त गेली तरी त्यांना तक्त्यावरून कळायचं. मी एकदा कळवळून शिपाईला पोटाशी धरलं, तर म्हणाल्या, ‘‘कळ त्याला हाय, रडून तू राहिलीस. त्याला पाणी पाज.’’

पोळ्या येतच होत्या. मागच्या अंगणात, भिंतीच्या कडेला, तूप लावलेले तुकडे सापडायचे. शिपाईला लघवीला तिथंच न्यावं लागायचं, आणि एखादा तुकडा आमच्या नजरेतून सुटला की पुढचे दोन दिवस उलट्या. ते इंदूकाकूंचे होते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. सिस्टरना कधीपासून माहीत होतं. मी उसळून म्हणाले, ‘‘मी जाऊन सांगते त्यांना. त्यांच्यामुळं हा मरून राहिलाय.’’

सिस्टरनी माझा हात धरला. ‘‘तिची लेकरं पुण्याला. घरभराचा सैपाक करायची सवय हाताला, आता एकटी हाय. माया लावून राहिली ती बाई. तिला सांगितलंस तर पोळी थांबंल. पण मग ती जन्मभर काय घेऊन बसंल, याचा विचार कर. आपुन तुकडे उचलायचे. आपल्याला वाकता येतं.’’

आणि आम्ही रोज सकाळ-दुपार वाकून तुकडे उचलत राहिलो.

शिपाई एका सकाळी गेला, सिस्टरच्या मांडीवर. त्यांनी घड्याळ पाहून तक्त्यावर वेळ लिहिली, खाली सही केली आणि मगच डोळ्याला पदर लावला. मागं कढीपत्त्याशेजारी आम्ही त्याला पुरलं. कॉलनीत बातमी पसरली: नर्सबाईनं उपाशी मारलं शेवटी.

मी सिस्टरची माफी मागितली. त्या भांडी घासत होत्या. ‘‘घरात मागितलेली माफी कोण वाचतंय? तुझ्या बापाचा छापखाना हाय ना?’’

मी दोन पानी पत्रक लिहून नेलं. त्यात त्यांची सेवा, त्यांची माया, कॉलनीचा निर्दयपणा, सगळं होतं. सिस्टरनी चष्मा लावून वाचलं आणि पेननं एकेक परिच्छेद काटला. पेशंटबद्दलचा काटला, स्वतःबद्दलचा काटला, कॉलनीबद्दलचा तर दोनदा काटला. शेवटी तीन वाक्यं उरली: ‘मागील पत्रकातील मजकूर खोटा होता. तो मी, चौकशी न करता, लिहिला होता. मी माफी मागते.’ खाली माझं नाव. ‘‘मी गेल्यावर वाट,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी असताना वाटलंस तर मला विचारायला येतील.’’

पंधरवड्यात त्या भाचीकडं हदगावला निघून गेल्या. ट्रंक आणि खुर्ची टेम्पोत चढवल्यावर त्यांनी मला जवळ घेतलं नाही. माझे हात हातात घेऊन नखं कापलीत का ते पाहिलं, आणि पुढं चालकाशेजारी जाऊन बसल्या.

वडिलांनी आयुष्यात माफीचं पत्रक छापलं नव्हतं. ‘‘अक्षर बारीक ठेवू का?’’ त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. ती पत्रकं मी एकटीनं घरोघरी दिली. कुणी माझ्यासमोर चुरगाळलं, कुणी म्हणालं, ‘‘मग खरं काय होतं ते सांग की.’’ प्रशांतनं दार उघडलं नाही. शेवटचं घर इंदूकाकूंचं होतं. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, बोटं ओळीवर फिरवत. मग मला आत बोलावून पाट दिला.

‘‘खोटं होतं म्हणजे, ती त्याला खायला घालत होती?’’

‘‘हो.’’

‘‘मग मी टाकायची त्या पोळ्या... त्याला गेल्या का गं? काही उपयोग झाला का त्याला?’’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सगळं माहीत होतं, तक्त्यावरची एकेक उलटी, तिची वेळ, तिचा दिवस. उघड न बोलणारा प्रत्येक माणूस काहीतरी सडवतो, असं मानणारी मी त्या पाटावर बसले होते, आणि चार्ज माझ्याकडं होता.

‘‘तुमचा वास ओळखायचा तो, काकू,’’ मी म्हणाले. ‘‘भिंतीकडं तोंड करूनच बसायचा.’’