आमगावच्या बाकावरची अमेरिका

मेडिकल स्टोअरवाल्याला एक काम चुकत नाही. दर तीन महिन्यांनी फळ्या झाडायच्या, मुदत संपलेली औषधं बाजूला काढायची आणि एजन्सीला परत पाठवायची. आमगावात इतकी वर्षं मी हेच करून राहिलो. पण दुकानासमोरच्या बाकावर जे किस्से साचले, त्यांची मुदत काही संपत नाही, आणि परत घ्यायला कोणती एजन्सीही तयार नाही! मग असे गप्पांमध्ये खपवावे लागतात.

बाक मी टाकला होता पेशंट लोकांसाठी. त्यावर पेशंट बसलेला मी तरी पाहिला नाही. संध्याकाळचे पाच वाजले की चौघं हजर. पहिले पटले गुरुजी, हायस्कूलमधून रिटायर झालेले, इतिहास आणि नागरिकशास्त्राचे. दुसरा रहांगडाले, धानाचा मोठा शेतकरी, गुरुजींचा लहानपणापासूनचा वर्गमित्र. अख्खा गाव त्यांना 'गुरुजी' म्हणायचा, हा एकटा 'मास्तर' म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा. तिसरे कापगते, तलावाच्या गावचे, कमी बोलणारे. चौथे राईस मिलवाले सेठजी. त्यांना मराठी सगळी समजायची, पण तोंडातून निघायची फक्त हिंदी.

आणि विषय एकच. अमेरिका!

त्याचं कारण असं, की एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये गुरुजींचा एकुलता एक सुधीर कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी तिकडे गेला. त्या दिवसापासून गुरुजी अमेरिकेचे वकील झाले. गुरुजी वकील झाले म्हटल्यावर रहांगडालेला दुसऱ्या बाजूने उभं राहणं भागच होतं.

"मास्तर उद्या म्हणाला का दिवस पूर्वेकडून निघते," तो म्हणायचा, "तरी मी एकदा पाहून येईन!"

भांडण तापलं की दोघंही पोवारीवर, म्हणजे घरच्या बोलीवर उतरायचे. मग सेठजी खूश होऊन मांडी घालायचे. "हां, अब असली बात चालू हुई!"

*

पुढच्याच वर्षी तिकडे निवडणूक झाली आणि एका राज्यात मतं मोजता मोजता लोक थकून गेले. मोजायची, थांबायचं, कोर्टात जायचं, परत मोजायची. महिना झाला तरी अध्यक्ष कोण, पत्ता नाही. गुरुजी रोज पेपर घेऊन येत आणि समजावून सांगत, की याला म्हणतात लोकशाहीची काळजी. एकेक मत तपासून राहिले ते लोक!

रहांगडाले दोन वेळा ग्रामपंचायतीच्या मोजणीला एजंट म्हणून बसलेला माणूस. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मास्तर, आमची मोजणी सकाळी सुरू होते अन् जेवणाच्या आधी गुलाल उधळते. तुह्या सुधीरले सांग, आपला जुना तलाठी रिकामाच बसून आहे. तिकीट पाठवा म्हणा, चार दिवसांत अध्यक्ष काढून देतो!"

तलाठीही बिचारा खरंच विचारायला आला होता, की पासपोर्ट किती दिवसांत निघतो.

*

मग अमेरिकेच्या आखातातल्या लढाईच्या वेळी बाकावर तेलाचा वाद पेटला. रहांगडाले म्हणे, हे सगळं तेलासाठी चाललं. गुरुजी म्हणे, जगाची सुरक्षा नावाची काही गोष्ट असते. दोन तास झाले. मी तीन वेळा शटर अर्धं खाली ओढून पाहिलं, कोणी उठेना.

कापगते तोवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले, पाण्याची पाळी लावली. त्यांनी घसा साफ केला.

"आमच्या तलावाचा कायदा सोपा आहे जी. पाणी सोडलं का पहिल्यांदा शेवटच्या बांधीले, म्हणजे सगळ्यात दूरच्या धानाच्या वावराले जाते. मंग मधल्या बांध्या. अन् तलावाच्या जवळचा, तो सगळ्यात मागून. तेलाचंही तसंच करा. भांडण कायले होते मंग?"

सेठजींनी उठून त्यांचे हात धरले. "कापगतेजी, आप यहाँ क्या कर रहे हो? आपको तो वहाँ बैठना चाहिए, जहाँ सब देश बैठते हैं!"

चार दिवसांनी कापगते कपाळ फोडून दुकानात आले. पाण्यावरून सख्ख्या भावाशी जुंपली होती. मी टिंक्चर लावता लावता हळूच विचारलं, "कापगतेजी, शेवटच्या बांधीचा कायदा होता ना?"

"होता ना जी," ते कळवळत म्हणाले. "पण शेवटची बांधी भावाचीच निघाली!"

*

पुढे सुधीरला मुलगी झाली. आमगावात गुरुजींनी घरोघरी पेढे वाटले. फोटो आले, ते गुरुजी शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि पेपर काढताना चुकून पडल्यासारखे बाकावर पाडायचे. पोरगी पालथी पडली, रांगली, उभी राहिली, सगळं फोटोत. फोनवर 'आबा' म्हणायला लागली. पण मांडीवर घ्यायला काही मिळाली नाही. सुधीरला सुट्टी मिळेना. एकदा तिकडे जाऊन नातीला उचलून घ्यायचं, एवढी एकच गोष्ट त्या नवरा-बायकोला हवी होती. मास्तरीणबाई दुकानात गोळ्या घ्यायला आल्या की आधी विचारायच्या, "भाऊ, विमानात लोणचं नेऊ देतात काय?"

सुधीरचा एक मित्र सुट्टीत आला होता, तो परत चालला होता. त्या दिवशी बाकावर गुरुजींनी अमेरिकेच्या दवाखान्यांवर तासभर भाषण दिलं. मशिनी काय, स्वच्छता काय, संशोधन काय! बाक उठला. सगळे गेले असं पाहून गुरुजी परत आले आणि काउंटरवर हळूच एक चिठ्ठी सरकवली. सुधीरने यादी पाठवली होती. तापाच्या गोळ्या, सर्दीच्या, पोटदुखीच्या, डोळ्यांत टाकायचे थेंब, लहान मुलांचं खोकल्याचं औषध, दाताच्या दुखण्याचं. वर्षभर पुरेल इतकं. तिकडे डॉक्टरच्या दारात उभं राहणं परवडत नव्हतं म्हणे.

रहांगडाले गमछा विसरला म्हणून माघारी आला होता. त्याने चिठ्ठी उचलली आणि भर चौकात ऐकू जाईल अशी वाचली.

"ऐकून राहिले काय हो! महासत्ता आपल्या आमगावच्या मेडिकलवर चालून राहिली!"

*

तिकडे विम्याच्या नव्या कायद्यावर गदारोळ चालला होता, तेव्हाची गोष्ट. गुरुजी फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगत होते. तिथे दर महिन्याला विमा कंपनीला पैसे भरायचे, आजारी असो वा नसो. आजारी पडलं की आधी एका रकमेपर्यंत आपणच खर्च करायचा. त्यानंतर कंपनी कागद पाहून ठरवते, की हा इलाज आपल्या नियमात बसतो की नाही.

दवनीवाड्याची एक म्हातारी काउंटरला टेकून उभी होती. संधिवाताच्या गोळ्या मी मोजून देत होतो. ती मान वळवून म्हणाली, "बापा, बिमारी आपली?"

"हो मावशी."

"पैसा आपला?"

"हो, आपलाच."

"अन् इलाज करा का नोका करू, हे कंपनी सांगते?"

"बऱ्याचदा," गुरुजी म्हणाले.

"मंग डाक्टर कायले ठेवला?"

म्हातारी गोळ्या ओच्यात बांधून निघून गेली. गुरुजी त्या दिवशी पंधरा मिनिटं लवकर घरी गेले. रहांगडालेने तिला पुढे दोन-तीनदा शोधलं, बाकाची मेंबर करून घ्यायला.

*

मग एकदाचा गुरुजींचा व्हिसाचा नंबर लागला. नवरा-बायको मुंबईला गेले. बाकावर सगळे निश्चिंत होते. अमेरिकेची इतकी बाजू घेणाऱ्या माणसाला अमेरिका नाही कशी म्हणेल?

म्हणाली!

झालं असं, की काचेमागच्या साहेबाने सहज विचारलं, अमेरिकेबद्दल काही माहिती आहे का? दहा वर्षांत पहिल्यांदा गुरुजींना समोर रहांगडाले नसलेला श्रोता मिळाला होता! त्यांनी सुरुवात केली. दोन सभागृहं, राज्यांचे अधिकार, अध्यक्षाचा नकाराधिकार, विम्याचे हप्ते, आखाती धोरणातल्या चुका आणि त्यावर उपाय. उपायांत कापगत्यांची शेवटची बांधीसुद्धा आली. मागची रांग खोळंबली. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि पासपोर्ट परत सरकवले. ज्याला आमच्या देशाची इतकी खडान्‌खडा माहिती आहे, तो राहायच्याच तयारीने चालला, असं त्याला वाटलं असणार.

मास्तरीणबाई पंधरा दिवस गुरुजींशी बोलल्या नाहीत. माझ्या दुकानात मात्र येऊन बोलल्या. "दहा वर्षं या बाकावर बसून अमेरिका शिकले, भाऊ. अन् नात गेली हातची." डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. बाक माझाच होता ना! मलाही फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्यांदा अर्ज भरला, तेव्हा रहांगडालेने सूत्रं हातात घेतली.

"मास्तर, तुले अमेरिकेबद्दल काहीच माहीत नाही. समजलं? अध्यक्ष कोण विचारलं तं म्हणजो, मी धानवाला माणूस, मले काय करायचं."

तालीम माझ्याच दुकानात. काउंटरच्या आत रहांगडाले अमेरिकेचा साहेब बनून बसला. माझा चष्मा घातला, माझी खुर्ची घेतली. बाहेर गुरुजी फाइल धरून उभे. गिऱ्हाईक आलं की साहेब ओरडायचा, "लाइन में!" पहिल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "तसं पाहिलं तर सिनेटमध्ये..." आणि साहेबाने फाइल फेकली. "रिजेक्ट!" दुसऱ्या दिवशी रिजेक्ट. तिसऱ्या दिवशी गुरुजी नुसते हसले, तरी रिजेक्ट. "हसण्यात माहिती दिसून राहिली," म्हणे!

चौथ्या दिवशी पास केलं.

सेठजींनी विचारलं, "रहांगडालेजी, गुरुजी सचमुच चले गये, तो झगड़ा किससे करोगे?"

रहांगडाले तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला उठला तो तसाच घरी निघून गेला.

गुरुजी मुंबईहून परत आले त्या संध्याकाळी बाकावर पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरीणबाईसुद्धा आल्या होत्या. काय झालं ते गुरुजींनी सांगितलं, ते असं.

या वेळी काचेमागे एक मॅडम होती, हिंदी चांगली बोलणारी. तिने माहिती-बिहिती काही विचारलंच नाही. म्हणाली, "मुलगा तिकडे, सून तिकडे, नात तिकडे. पत्नी तुमच्यासोबत चालली. मग परत कशासाठी याल?"

"शेती आहे," गुरुजी म्हणाले.

"कोण करतं?"

"बटईने दिली, अर्ध्या वाट्यावर."

"म्हणजे तुमच्याशिवाय चालते. घर?"

"पुतण्या पाहील."

"मग इकडे तुमचं असं आहे कोण?"

गुरुजींचं पाठ केलेलं सगळं संपलं होतं. मास्तरीणबाईंनी मागून शर्ट धरला. आणि गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, "रहांगडाले."

"हा कोण? भाऊ?"

"नाही."

"व्याही?"

"नाही मॅडम. दहा वर्षांपासून माझ्याशी भांडून राहिला. रोज संध्याकाळी पाच वाजता."

"कशावरून?"

"तुमच्यावरून."

मॅडमने पेन खाली ठेवला. "आणि कोण जिंकतंय?"

"सध्या तो," गुरुजी म्हणाले. "म्हणून तर परत यावं लागते."

मॅडम इतकी हसली की शेजारच्या काचेतला साहेब डोकावून पाहायला लागला. पासपोर्ट तिने ठेवून घेतले. व्हिसा मिळाला!

बाकावर एकच गलका झाला. सेठजींनी जिलेबी मागवली. मास्तरीणबाई रडत रडत हसत होत्या. कापगत्यांनी रहांगडालेच्या पाठीवर थाप मारली. "जिंकला ना गा तू! मास्तरनं खुद्द अमेरिकेसमोर कबूल केलं!"

रहांगडाले मात्र हसला नाही. त्याने जिलेबी हातात धरली, खाल्ली नाही. गुरुजींकडे बघत राहिला.

"त्या बाईले सांगून काय फायदा? तिले काय माहीत आपलं? मी नाही मानत."

"मग कसं मानशील?" गुरुजींनी विचारलं.

"परत ये. या बाकावर बैस, अन् मले सांग. तवा मानीन."