जाऊबाईंचे नाक

पाकीट फोडायच्या आधी जाऊबाई त्याचा वास घेत. मग ते माझ्या हातात देऊन सांगत, "दोन हायत आत. एक बरा हाय, दुसरा उगाच आलाय." मी पाकीट उघडी, तर मेणकागदात गुंडाळलेल्या टिपकागदाच्या दोनच पट्ट्या निघत. प्रत्येकीवर पेन्सिलीने एक आकडा.

पट्ट्यांवर फ्रान्सचे सेंट असायचे. जाऊबाईंचा भाऊ विष्णू मुंबईत एका पारशी शेटजींच्या सेंटच्या दुकानात होता. तपकीर ओढून ओढून शेटजींचे नाक बाद झालेले. दलाल आणील ती बाटली त्यांना सारखीच वाटायची. आपली बहीण डोळे मिटून कुठल्या शेतातला तांदूळ ते सांगायची, हे विष्णूला आठवले. त्याने गंमत म्हणून एक पट्टी पाठवली. उत्तर कामाचे निघाले, तेव्हापासून दर महिन्याला पाकीट येऊ लागले.

जाऊबाई पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मी चार इयत्ता शिकलेली, म्हणून पत्रे माझ्याकडे. महाडच्या त्या घरात मी नवी सून होते. त्या थोरल्या, आणि विधवा. कुंकू नाही, फूल नाही, अत्तर तर नाहीच. हुंगायला मात्र कोणी बंदी घातली नव्हती, कारण ते कोणाला सुचलेच नव्हते.

मागच्या पडवीच्या कुडात पट्टी खोचून त्या सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला वास घेत. "तीनदा भेटल्याबिगर मी मान्साला नावं ठेवत नाय, मग वासाला कशी ठेवू?" माझ्या आमटीला मात्र त्या एकाच घासात नावे ठेवत. गोड स्वभावाची बाई नव्हती ती.

मग मला सांगत आणि मी लिही.

"दोन नंबर. लिंबू पिळलं नि त्याच भांड्यात दूध आटवलं. फाटलं नाय हे नवल. मागवा."

"चार नंबर. विहिरीच्या आतलं शेवाळ, नि वर पिकल्या आंब्याची साल. दोघांचं भांडण लागलंय, म्हणून चांगला."

"पाच नंबर. नुसता मोगरा. बाजारातली माळीण बरी, ती निदान पाणी तरी शिंपडते."

"हे असेच लिहू?" मी विचारी.

"लिव गो. घेणाऱ्याला काय खोटं सांगू?"

एकदा विष्णूने बाटलीचे फार कौतुक लिहिले. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बाटली बघून सेंट घेणारा मुलगी बघायला जातो नि माडी बघून येतो."

मग सात नंबर आला. जाऊबाईंनी तीनही वेळा वास घेतला आणि सांगितले, "धुतलेलं लुगडं, इस्तरी नि विझलेली मेणबत्ती. त्याच्या खाली काय नाय. नको."

आठ दिवसांनी विष्णूचे पत्र आले, बरोबर बोटभर बाटली. 'ताई, दलाल म्हणतो हा कागदावर कळत नाही, अंगावर लावावा लागतो. शेटजींना मोठी मागणी कळवायची आहे. या वेळी नीट सांगितलेस तर तुला पगारावर दुकानात बोलावतो म्हणतात. मागच्या खोलीत बसून वास घ्यायचे. चुकलीस तर पट्ट्याही बंद.'

हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. या घरात आल्यापासून बारा वर्षांत ही बाई सावित्री नदीच्या घाटापलीकडे गेली नव्हती.

सवाष्ण मी, म्हणून सेंट आधी माझ्या मनगटाला लावला. दुपारी त्यांनी हुंगले. "तुझ्या हाताला कोळंबीचे सोडे लागलेत. फ्रान्सवाला काय करील बिचारा?" राखेने हात घासून पुन्हा लावला. या वेळी हिंग निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाटली स्वतःच्या मनगटावर उपडी केली.

"अहो जाऊबाई!"

"गप. वास बघतेय."

त्या दिवशी एकादशी. मामंजी म्हणजे आमचे सासरे, बाजारात त्यांचे तांदळाचे दुकान. दुपारी फराळाला आले. जाऊबाईंनी ताट ठेवले आणि मामंजींनी मान वर केली.

"अत्तर कोणी लावलंय?"

"मी," मी म्हणाले.

"ती नाय. मी," जाऊबाई म्हणाल्या.

मामंजींचा हात ताटातच राहिला. "अगं, तुला काही कळतं का? लोक काय म्हणतील?"

"मामंजी, सकाळपासून दुकानात किती तांदूळ चावलेत?"

प्रत्येक पोत्यातला दाणा चावून बघितल्याशिवाय ते माल घेत नसत. एकादशी असो की शिवरात्र.

"त्याचं इथे काय?"

"एकादशी मोडली काय?"

"मी गिळतो थोडाच? थुंकून टाकतो."

"मग मी पन धुवून टाकीन. दिवेलागणीला. तोवर हा काय बोलतो ते मला ऐकायचंय."

मामंजींनी फराळ उरकला. हात धुऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

"मला तर साबणासारखा वाटतो."

"सकाळी मलापन तसाच वाटला," जाऊबाई म्हणाल्या.

दिवेलागणीला त्यांनी मला बोलावले. "लिव. विष्णू, माझं चुकलं. कागदावर साबण होता. अंगावर दुपारी फुलं उमलली, नि आता चंदनाखालून उबदार मान्सासारखा वास येतोय. पयला एक तास नुसता दिमाख हाय, तेवढं गिऱ्हाइकाला सांगा. पन मागवा." मग आडावर जाऊन त्यांनी शिकेकाईने मनगट घासले. 'माझं चुकलं' हे त्यांच्या तोंडून मी तेव्हा एकदाच ऐकले.

शेटजींनी शब्द पाळला. बोलावणे आल्यावर मामंजी चार दिवस जेवण दुकानातच मागवत राहिले. पाचव्या दिवशी जाऊबाई ट्रंक भरत होत्या, तिथे येऊन उभे राहिले.

"बाजारात विचारतील. काय सांगू?"

"सून नोकरीला गेली म्हणून सांगा."

विष्णू न्यायला आला आणि दासगावच्या बंदरातून त्या होडीने गेल्या. मरेपर्यंत त्याच दुकानात होत्या.

मामंजींनी तेच उत्तर दिले, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला. सुरुवातीला पोत्यांकडे तोंड करून पुटपुटत. दिवाळीपर्यंत ते उत्तर रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाऊ लागले.