शिखराला अडकलेली परांची

आमच्या घरात परांची आली ती दुभत्या म्हशीच्या बदल्यात. सोनपेठच्या बाजारात म्हैस विकली तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही, कारण विकायचा हट्ट माझाच होता. नवरा गवंडी. हात चांगला, बोलणं कमी, आणि कुणी गोड बोललं की लगेच विरघळायचा. असल्या माणसाच्या बायकोला तिखट व्हावं लागतं. मी माहेराहूनच तिखट आले होते, म्हणून फारसे कष्ट पडले नाहीत.

निजामाच्या अमलातले ते दिवस. उंच भिंतीला गिलावा करायचा तर उभ्या-आडव्या बल्ल्या बांधून त्यांवर फळ्या टाकाव्या लागतात. ती परांची आमच्या भागात एकाच गुत्तेदाराकडे, म्हणजे ठेकेदाराकडे होती. किराया तर तो घ्यायचाच, पण त्याची खरी वसुली वेगळी होती. ज्यानं त्याच्या बल्ल्या नेल्या, त्यानं तो बोलावील तेव्हा हातातलं काम टाकून त्याच्या कामावर जायचं. त्याचा गोठा असो, त्याच्या मेव्हण्याच्या घराचं माळवद असो, नाही म्हणायची सोय नव्हती. एकदा नवरा एका वाण्याच्या भिंतीवर थापी घेऊन उभा होता आणि गुत्तेदाराचा माणूस खाली येऊन गाठी सोडायला लागला. वर माणूस आहे म्हणून त्यानं हाकसुद्धा दिली नाही. नवरा उतरला आणि त्याच बल्ल्या गाडीत भरायला हात लावू लागला. मी जेवण घेऊन गेले होते. ते पाहून माझं डोकं असं फिरलं की भाकरीचं फडकं तिथंच ठेवून मी घरी आले आणि म्हैस विकायचं बोलून टाकलं.

जिंतूरकडच्या डोंगरातल्या सागाच्या बल्ल्या आणल्या. नवरा गाडीबरोबर गेला होता. आला तेव्हा पायांना फोड, पण चेहरा लग्नातल्यासारखा. दोर मात्र विकत घेऊ दिला नाही मी. अंबाडी भिजवून, सोलून, माझ्या हातानं वळला. तळहाताची कातडी गेली, पण गाठ मारून ओढलं की दोर कुरकुरायचा, ते ऐकून बरं वाटायचं. लेकराला दुधाऐवजी पेज मिळायला लागली. ते रडायचं, मी दोर वळायची, आणि अंगणात बल्ल्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या. मी येता-जाता त्यांना हात लावायची.

पहिलं काम मठाचं घ्यायचं ठरलं. आम्ही शिवाला मानणारे, गळ्यात लिंग बांधणारे लोक. नव्या वस्तूची सुरुवात देवाघरी व्हावी असं नवऱ्याच्या मनात होतं, आणि त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही. गावाच्या कडेला मठ, आत समाधी आणि समाधीवर शिखर. शिखराच्या गिलाव्याला भेगा पडल्या होत्या, वरचा तांब्याचा कळस वानरांनी हलवून हलवून वाकडा केला होता. मठाचा कारभार एक म्हातारे आप्पा पाहायचे. माणूस सज्जन, आवाज मऊ. पुढे मला त्या मऊपणाचीच धास्ती बसली.

आधीही दोनदा तिथं दुरुस्ती झाली होती, पण तेव्हा परांची गुत्तेदाराची होती. किराया चढायचा, म्हणून नवा कळस दारात येऊन पडल्याशिवाय जुन्याला कुणी हात लावत नसे. एका सकाळी जुना उतरवायचा आणि त्याच दिवशी नवा चढवायचा. या वेळी आप्पांनी हसत सांगितलं की आता घाई कशाला, परांची घरचीच आहे, जुना कळस उतरवून तांबटाला मोडीत द्या, त्यात भर घालून तो नवा करील. नवऱ्यालाही ते पटलं. घरचीच आहे, हे शब्द त्याला फार आवडले असावेत. त्यानं कळस उतरवला.

शिखर रात्रभर बोडकं ठेवायचं नसतं, असा मठाचा रिवाज. तेव्हा संध्याकाळच्या आत परांचीच्या सगळ्यात उंच बल्लीला भगवं फडकं बांधलं आणि मठाच्या स्वामींनी खाली उभं राहून त्या बल्लीच्या बुंध्याला विभूतीची तीन बोटं ओढली. आता नवा कळस चढेपर्यंत हीच कळसाच्या जागी. बायांनी हात जोडले, मीही जोडले. आमच्या बल्लीला एवढा मान मिळाला म्हणून मला तर भरून आलं.

गिलावा झाला, चुन्याची घोटाई झाली, शिखर गुळगुळीत झालं. कळस काही आला नाही. बाहेर लढाई चालू होती आणि तांब्या-पितळेचा पत्रा बाजारातून नाहीसा झाला होता. तांबटानं जुना कळस वितळवून ठेवला, पण भर घालायला त्याच्याकडे तांबं नव्हतं. आहे तेवढ्यात लहान करू का, असं त्यानं विचारलं. मठाचे पंच म्हणाले, पहिल्याहून लहान कळस चढवणं शोभत नाही. झालं, कळस थांबला आणि परांची शिखराला तशीच बांधलेली राहिली.

शिवरात्र गेली, होळी गेली. त्याच सुमारास पूर्णेहून निरोप आला. तिथल्या एका अडत्याला ठेसनाजवळ कापसाचं गुदाम बांधायचं होतं. परांची स्वतःची असलेला गवंडी हवा, गुत्तेदार मधे नको, असं तो म्हणत होता. मिरगाचा पाऊस लागायच्या आत पत्रे चढले पाहिजेत, एवढीच त्याची अट. हे काम मिळालं की पुढची कामं तिकडेच लागणार होती. गुत्तेदाराचं तोंड परत पाहायची पाळी आली नसती. काम गेलं, तर पुन्हा त्याच्याच दारात.

नवरा आप्पांकडे गेला. आप्पांनी त्याला बसवलं, चहा पाजला, लेकराची चौकशी केली आणि जरा दम धर म्हणाले. तो परत आला. चार दिवसांनी मी पुन्हा पाठवला, पुन्हा चहा पिऊन आला. गुत्तेदार निदान शिव्या द्यायचा, शिवीला उलट शिवी देता येते. आप्पांच्या चहाला काय उत्तर देणार?

शेवटी मी स्वतः मठात गेले. आप्पा पारावर बसले होते.

"आप्पा, फडकं बांधलेली बल्ली ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "बाकीच्या आमी नेतो."

"ती एकटी कशी उभी ऱ्हाईल, माय?" आप्पा म्हणाले. "बाकीच्यांवरच तर उभी हाय ती."

मग मी म्हणाले की तिच्या जागी दुसरा वेळू उभा करते, पदरचा आणून. आप्पांनी बुंध्यावरची विभूती दाखवली आणि मान हलवली. विभूती लागलेली बल्ली कळसाच्या आधी उतरवली तर साऱ्या गावाला दोष. "आन् आता तुमची-आमची काय, घरचीच हाय की ती," असंही म्हणाले, आणि ते अगदी मनापासून.

परांची गुत्तेदाराची असती तर त्याचा माणूस गाडी घेऊन आला असता आणि गाठी सोडून घेऊन गेला असता. पंचांनी हूं की चूं केलं नसतं. आमची होती, म्हणून ती सगळ्यांची झाली. मी घरी येताना रस्ताभर हेच बडबडत होते, आणि समोरून येणारे बाजूला होत होते.

चैत्र सरला. मी रोज पाण्याला जाताना वाट वाकडी करून मठावरून जायची. उन्हानं बल्ल्यांचा रंग उडाला होता. माझा दोर पांढरा पडून सुटायला लागला होता. बुंध्याशी मातीची बारीक नळी चढलेली दिसली, ती वाळवी. मी पायानं ती पुसून काढली, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चढलेली. त्या दिवशी घरी येऊन मी विळा उचलला आणि नवऱ्याला म्हणाले, आजच्या आज गाठी कापते, दोष लागायचा तो मला लागू दे.

तो दारात आडवा उभा राहिला. लग्नापासून पहिल्यांदाच.

"मी हात जोडून उभा होतो त्या टायमाला," तो म्हणाला. "तू बी होतीस. आता कापून कुठं जाशील? त्या बल्लीवर मला चढायचंय. मला भेव वाटंल."

त्याच्या डोळ्यांत खरंच भीती होती. उंच चढणारा माणूस, आणि घाबरलेला. विळा खाली ठेवला मी. पुढे गुत्तेदार, मागे मठ, आणि मधे हा माझा भोळा माणूस.

गावात तांबं नव्हतं असं नाही. घरोघरी माजघरात तांब्याच्या घागरी, हंडे, पराती चमकत होत्या. पंचांच्या घरी तर आंघोळीचं पाणी तापवायचा बंबसुद्धा तांब्याचा होता. पण ज्याच्या बल्ल्या अडकल्या नव्हत्या, त्याला कळसाची घाई नव्हती. कुणी तरी आपणहून देईल, अशी वाट मी वैशाखभर पाहिली. मग एका सकाळी माझी घागर रिकामी केली. ती माझ्या आईनं लग्नात दिलेली होती. माहेरच्या विहिरीच्या काठावर एकदा हातातून सुटली होती, तेव्हा खांद्याशी पोचा पडला होता. कमरेवर घेतली की तो पोचा बरोबर माझ्या हाडाला लागायचा. ती तशीच कमरेवर घेऊन मी तांबटाकडे चालत गेले आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

तांबटानं घागर पालथी करून तिचा घट केला आणि जुन्या तांब्याचा वरचा निमुळता भाग बसवला. कळस पहिल्याहून मोठा झाला. पंच खूश झाले. आप्पांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, माझ्या पुण्याईचं बोलले. मी पदर ओढून उभी होते, कारण तोंड उघडलं असतं तर काही भलतंच बाहेर आलं असतं. कळस चढवायला मुहूर्त पाहिला गेला. तो मिरगाच्या पुढचा निघाला.

परांची उतरली तेव्हा पाऊस लागला होता. बल्ल्यांचे बुंधे वाळवीनं खाल्लेले, हातभर कापून टाकावे लागले. दोर तर हातात तुटत होता. पूर्णेच्या अडत्यानं काम कधीच गुत्तेदाराला दिलं होतं. पावसानं तेही रखडलं, आणि गुत्तेदाराला बल्ल्या कमी पडायला लागल्या. त्याचा माणूस आमच्या दारात आला. गवंडी पाठवा आणि त्याच्याबरोबर तुमच्या बल्ल्याही पाठवा, असा निरोप. घरात दाणा नव्हता. नवरा माझ्याकडे पाहत राहिला, मी चुलीकडे. मग तो उठला आणि बल्ल्या गाडीत भरायला लागला. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

श्रावणातल्या सोमवारी मठात गर्दी होती. नवरा पूर्णेला, आमच्याच बल्ल्यांवर चढून गुत्तेदाराची भिंत बांधत होता. मी डोक्यावर मातीचा डेरा घेऊन पाण्याहून येत होते. कळसावर ऊन पडलं आणि बाया थांबून वर पाहत हात जोडायला लागल्या. मीही वर पाहिलं. तांबटाला तो पोचा पुरता काढता आला नव्हता, मला तो खालूनही दिसला. शेजारीण म्हणाली, "हात जोड की गं, तुझ्याच पुण्याईचा हाय."

माझे दोन्ही हात डेऱ्याला होते. मी ते तिथंच राहू दिले आणि घरी आले.