एक इंच सोडून

पनवेलपासून उरणपर्यंत वाकडी वस्तू सहन न होणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. बायकोच्या मोठ्या बहिणीच्या या यजमानांना आम्ही सगळे दादा म्हणतो. एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढून ते निवृत्त झाले, पण त्यांचा डोळा काही निवृत्त झाला नाही. लोक स्कूटरच्या डिकीत रेनकोट ठेवतात, दादा स्पिरिट लेव्हल ठेवायचे. आमच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आले तेव्हा देवाला हात जोडायच्या आधी त्यांनी ती लेव्हल जेवणाच्या टेबलावर ठेवली, बुडबुड्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “साडू, तुमचा टेबल उरनच्या बाजूला झुकलाय.” त्या दिवसापासून आमची आमटी उरणच्या बाजूला वाहते, असं माझ्या बायकोलाही दिसू लागलं. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही मुलीच्या आधी त्यांनी दाराची चौकट पाहिली आणि “ही कोनी बसवली?” असं विचारलं. बसवली होती खुद्द सासऱ्यांनी. चौकट दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर होती. सासरे ओशाळले, आणि पुढच्याच रविवारी हा होऊ घातलेला जावई पटाशी घेऊन हजर. ते लग्न चौकटीनंच जमवलं, असं आमच्याकडे अजून म्हणतात.

अशा माणसाची मोजपट्टी मात्र अगदी दरिद्री. टोकाची आकडी केव्हाच तुटून पडलेली. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, “पयला इंच सगल्याच टेपांचा खोटा असतो. तो सोडून द्यायचा. एकावर धरायचं आनी पुढं मोजायचं.” त्यांच्या हाताखाली ज्यानं म्हणून पट्टी धरली, त्याला हा मंत्र आधी तीनदा म्हणावा लागे.

दादांच्या वडिलांचा एक जुना पिकअप होता. गोल बोनेट, नारळाएवढे दिवे. उरणहून बर्फात घातलेली मासळी भरून तो पनवेलच्या बाजारात यायचा. वडील गेले, पण बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं गाडीत मुरत राहिलं. पुढे गावची जमीन विमानतळात गेली, घर गेलं, आणि बदल्यात मिळालेल्या उलव्याच्या नव्या प्लॉटवर येताना दादांनी दोन गोष्टी जपून आणल्या: आईला रिक्षातून आणि पिकअपला क्रेनवरून. केबिन ठणठणीत होती, पण जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती खालची लोखंडी चासी गंजून पापडासारखी मोडत होती. भंगारात तयार चासी मिळते, असं ज्यानं त्यानं सांगून पाहिलं. दादा उखडले. “दुसऱ्याच्या हाडांवर बापसाचं कातडं चढवू?” चासी ते स्वतः बनवणार होते. परवानगीसाठी आरटीओत गेले तिथेही त्यांनी साहेबांच्या टेबलावर लेव्हल ठेवली. टेबल सरळ निघालं, आणि सरकारबद्दल त्यांचं मत कायमचं सुधारलं.

इथवर मी हसत लिहिलं. पुढचं तसं लिहिता येणार नाही.

चासी म्हणजे दोन लांब लोखंडी चॅनेल आणि त्यांच्यामध्ये आडवे तुकडे, जमिनीवर शिडी निजवावी तशी. ती काटकोनात आहे की नाही हे पाहायला दोन्ही कर्ण मोजतात. दोन्ही सारखे भरले की मगच पक्कं वेल्डिंग. या कामाला दादांना परका माणूस नको होता. “आपला मानूस पायजे,” म्हणून एका रविवारी मला बोलावलं. मी द्रोणागिरीतल्या गोदामात बसून कागद रंगवणारा माणूस, पण मला मान वाटला. मंत्र तीनदा म्हटला, पहिल्या कर्णाला पट्टी एक इंच सोडून धरली. दुसऱ्या कोपऱ्यावर गेलो आणि गोदामातून फोन आला. खांद्यावर फोन, तोंडात कंटेनर, आणि पट्टी मी सरळ टोकालाच धरली. पलीकडे दादांचा चेहरा उतरला. “इंचभर कमी? आसा कसा?” स्वतःलाच शिव्या देत त्यांनी घण घेतला आणि मी तशीच टोकाला धरलेली पट्टी बघत, मुळात अगदी नीट असलेली चासी ठोकून ठोकून तिरकी केली. मग ताळा बघायला मला पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर पाठवलं. तोवर फोन संपला होता. अंगठा एकाच्या आकड्यावर ठेवला आणि तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या कोपऱ्यावर मी इंच सोडलाच नव्हता. तेवढ्यात दादा ओरडले, “सेम! बगा साडू, दोनी सेम!” ऊन मी म्हणत होतं. आत मटण शिजलं होतं. खरं सांगितलं तर वाकड्या चौकटीकडे पाहावं तसं ते माझ्याकडे पाहतील, ही भीतीही होती. मी म्हणालो, “वा!”

त्या “वा”ची मला आजही लाज वाटते.

केबिन चढली, रंग लागला, बोनेटला हार पडला. आईला शेजारी बसवून दादांनी पिकअप उलव्याच्या रुंद रस्त्यावर काढला, आणि तो चिंबोरीसारखा तिरका चालू लागला. सरळ जायचं तर स्टिअरिंग सारखं उजवीकडे दाबून धरावं लागे. पोरं हसली, कुणी व्हिडिओ काढला. म्हातारी म्हणाली, “तुजा बापूस पिऊन पन सरल चालवायचा रं!” दादांनी गाडी वळवली. घरी येऊन गाडीखाली शिरले, एकट्यानं पुन्हा मापं घेतली आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “एक इंच. चालीस वर्सांत आर्धा सूत नाय चुकलो. डोला गेला साडू माजा.” तेव्हाही मी गप्प. पुन्हा कापून जोडा म्हटलं, तर म्हणाले, “कोनाच्या डोल्यावर जोडू?” पिकअपवर ताडपत्री पडली. दुरुस्तीला ग्रिल, दरवाजे घेऊन येणाऱ्यांना ते हात जोडून परत पाठवू लागले. डिकीत रेनकोट आला.

आठ महिन्यांनी मला ते सोसेना. जाऊन सगळं सांगितलं: फोन, टोक, ताळा, “वा”सुद्धा. दादांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “माजं मन राखायला एवडं खोटं बोलताय साडू? ताला मी सोता वाचलाय.” मी आईची शपथ घेतली. जितकी शपथ घ्यावी तितके ते विरघळत गेले. आता प्रत्येक कार्यात ते माझी ओळख करून देतात, “मानूस बगा, माजी चूक सोताच्या आंगावर घेतो.” मग मला पहिल्या पंगतीला बसवतात आणि मी बसतो. नाही म्हणायची हिंमत त्या रविवारी नव्हती, तशी आताही नाही.

परवा एका हळदीला गेलो होतो. मांडवाचा पुढचा खांब आंधळ्यालाही कळेल इतका कलला होता. दादा त्याच्याखाली बराच वेळ उभे होते. एरवी त्यांनी एव्हाना अर्धा मांडव उतरवला असता. मी मनात म्हटलं, बोला दादा, बोला. ते माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, “साडू, हा वाकडा हाय का मलाच तसा दिसतो?”

“वाकडाच आहे दादा,” मी म्हणालो.

“तुमी म्हनता तर आसंल,” असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघं जेवायला गेलो.