के-४१ चा पट्टा

आधीच सांगते, मी इंजिनिअर आहे. भुतंखेतं, करणी वगैरे कोणी सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय...

बंगळुरूबाहेर होसकोटेच्या पलीकडे एक तळं आहे. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब येतात — हिमालय ओलांडून येणारे रानहंस. आम्ही चौघं पक्षीमित्र दर रविवारी सकाळी त्यांची मोजणी करतो आणि यादी वनखात्याला पाठवतो. काही हंसांच्या गळ्यात अभ्यासकांनी घातलेला प्लास्टिकचा पट्टा असतो, त्यावर नंबर. यंदा आमच्याकडे असा एकच होता. हिरवा पट्टा, के-४१.

जानेवारीत मोठ्या दिरांच्या, म्हणजे अण्णांच्या फार्महाऊसवर जेवायला गेलो. सासरची मंडळी कित्येक पिढ्या बंगळुरातलीच, बोलण्यात मधूनच कन्नड. तिथे किल्ल्यांच्या खिळ्याला हिरवा पट्टा अडकवलेला. के-४१. चारच्या आकड्यावर आडवा ओरखडा.

"अण्णा, हे काय?"

"स्वल्प ऐक गं मेधा. वर्षाला एकच मारतो. आजोबांपासूनची रीत आहे आपली."

एवढा हिमालय ओलांडून आलेला जीव, आणि यांच्या रीतीपायी मसाल्यात गेला. मी पट्टा पर्समध्ये टाकला आणि तक्रार करणार म्हणून तोंडावर सांगितलं. परतताना नवरा म्हणाला, "घरातलं माणूस आहे, जाऊ दे ना." बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास आम्ही त्यावरच भांडत होतो.

पुढच्या रविवारी टेलिस्कोपवर बसलेला मित्र म्हणाला, "के-४१." मी सवयीनं लिहूनही टाकलं... मग हात थांबला. चौघांनीही पाहिला. फोटो काढला. चारवर तोच आडवा ओरखडा — आणि पट्टा माझ्या पर्समध्ये.

तरी सोमवारी वनखात्याच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेलेच. अधिकाऱ्यांनी शांतपणे आमचीच यादी उघडली. "मॅडम, पक्षी तो ज़िंदा है. आपने ही लिखा है."

मेलेल्या हंसानेच माझी केस बुडवली. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. पट्टे घालणाऱ्यांना मेल केला, तर उत्तर आलं की एक नंबर एकाच पक्ष्याला देतात.

अण्णांना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून चारवरचा ओरखडा पाहिला. दुसऱ्या दिवशी स्वतःच त्या ऑफिसात जाऊन सांगून आले की हंस आपणच मारला. त्यांनाही तीच यादी दाखवली. येताना बंदूक मात्र पोलीस ठाण्यात जमा करून आले.

हे सगळं काय आहे, मला अजून कळलेलं नाही. पट्टा माझ्या कपाटात आहे. के-४१ दर रविवारी तळ्यावर असतो. आम्हा चौघांना दिसतो, अण्णांना दिसत नाही. ते आमच्याही आधी येऊन टेलिस्कोपला डोळा लावून बसतात, उठायचं नाव घेत नाहीत.

"मेधा, आज आहे का गं?"

"आहे अण्णा. खडकाच्या डावीकडे, समोरच."

"सरी, बरं," म्हणतात, आणि पुन्हा शोधायला लागतात.