अक्काच्या बाजूचं हँडल

अक्काला लकवा मारला त्याला आता दीड वर्ष होत आलं. माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते, कुरुंद्याला. मी इथल्या शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणं मात्र पंधरा दिवसांत परत आलं. आठवड्यातून दोनदा नांदेडला व्यायामासाठी न्यायला सांगितलं होतं. गावातली एक जीप त्यासाठी ठरवली होती.

जीपची पायरी उंच. ड्रायव्हर भला माणूस, तो आणि शेजारचे एक काका मिळून अक्काला उचलून आत ठेवायचे. एकदा नांदेडच्या दवाखान्यासमोर उतरवताना तिचं लुगडं सुटलं. रस्ता भरलेला होता. मी धावून पदर लपेटला, पण चार माणसांनी बघायचं ते बघितलं. परतताना वसमतजवळ अक्का मग म्हणाली, “मला काहून उचलून राहिले सगळे? मी काय हळदीचं पोतं हाय?”

घरी आल्यावर तिनंच विषय काढला. गाडी घ्यायची, ती चालवायला मी शिकायचं, आणि तिची तिला बसता येईल अशी घ्यायची. पन्नाशी उलटल्यावर मी वसमतला गाडी शिकायला जाऊ लागले. शाळा सुटली की एस.टी. पकडायची, तासभर क्लच दाबायचा आणि परत यायचं. पहिला महिना पोटऱ्या ठणकत होत्या.

गाडी कशी हवी ते मला नेमकं माहीत होतं. व्हीलचेअर घडी करून मागे मावली पाहिजे, म्हणजे छप्पर उंच आणि डिक्की रुंद हवी. सीट पलंगाएवढ्या उंचीवर पाहिजे, कारण त्या पलंगावरून अक्का एका हातानं उठते. शिवणाच्या टेपनं मी पलंग मोजला. एकवीस इंच भरला. तो टेप पर्समध्ये टाकून मी निघाले.

हिंगोलीच्या शोरूममध्ये मला हवी तशी गाडी फक्त चित्रात होती. तिथल्या मुलीनं कागद दिला आणि मॅडम, सर नाही आले का, असं विचारलं. नांदेडलाही हाच प्रश्न, परभणीलाही हाच. पहिल्यांदा मी सांगितलं की सर कोणी नाहीत. नंतर नुसतं ‘नाही’ म्हणू लागले. नांदेडच्या पोरानं मला गाडीत बसवून पडद्यावर गाणी कशी लागतात ते दाखवलं, छताची काच कशी सरकते ते दाखवलं. मी दार उघडून टेप लावला तेव्हा तो जरा मागे सरकला. बावीस इंच. जमण्यासारखं होतं. डिक्कीही पुरेशी होती.

गाडी ठरली असं वाटलं, आणि खरी दमछाक तिथून सुरू झाली. एकाच गाडीचे नांदेड आणि परभणीचे कागद शेजारी ठेवले तर एका ओळीचा दुसऱ्या ओळीशी मेळ बसेना. एकानं विमा आत धरलेला, दुसऱ्यानं बाहेर. नांदेडची सूट मोठी, पण ती जुनी गाडी दिली तरच. माझ्याकडे जुनी सायकलसुद्धा नव्हती. परभणीवाल्यांनी पायपुसणी, सीटची कव्हरं आणि मडगार्ड यांचं पॅकेज लावलं होतं. ते नको म्हटलं तर गाडी उशिरा मिळेल म्हणाले. मी वहीचं पान आखून दोन्हीकडचं एकाखाली एक लिहिलं. वर्गात मुलं निबंध लिहीत असताना फोन यायचे, मॅडम, काय ठरलं, म्हणून. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन तेच ते विचारायची, ते तेच ते सांगायचे, आणि संध्याकाळी कागद पुन्हा बदलायचा. शेवटी शेवटी मला कोणी फुकट गाडी दिली असती तरी मी नको म्हटलं असतं, इतका कंटाळा आला होता.

दिवाळीच्या सुट्टीत जीप करून अक्कालाच नांदेडला नेलं. ती शोरूममधल्या गाडीत बसली. दाराकडे पाठ करून उभी राहिली, उजवा हात वर केला, छताजवळचं हँडल धरलं आणि हळूच सीटवर टेकली. पाय मी उचलून आत घेतले. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण कोणी तिला उचललं नव्हतं. ती म्हणाली, “हीच घे.”

ती सगळ्यात महागाची होती. त्याच गाडीचं आम्हाला परवडणारं साधं मॉडेल मागच्या बाजूला उभं होतं. मी दार उघडून वर पाहिलं तर तिथं हँडलच नव्हतं. नुसतं गुळगुळीत छप्पर. मी त्या पोराला म्हटलं की मला एवढं एक हँडल लावून द्या. तो म्हणाला, तसं येत नाही मॅडम, हँडल वरच्या मॉडेलला असतं. म्हणजे हँडल हवं तर सरकणारी काच घ्या, मोठा पडदा घ्या, चकचकीत चाकं घ्या. त्याचा मॅनेजर आला, त्यानंही हेच सांगितलं. आवाज गोड होता. अक्का व्हीलचेअरमध्ये बसून ऐकत होती. परतताना ती म्हणाली की राहू दे, तिला आता जीपची सवय झाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात परभणीला मी केवळ नाही सांगायला गेले. फोनवर सांगितलं असतं तर ते पुन्हा पुन्हा फोन करत राहिले असते. तिथल्या पोरानंही हँडलबद्दल तेच उत्तर दिलं. बाहेर पडताना वर्कशॉपच्या दारात एक वयस्कर मिस्त्री हात पुसत उभा होता. आमचं बोलणं त्याच्या कानावर गेलं असावं. हँडल कोणाला पाहिजे, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं.

“बाई, दोन्ही गाड्यांचं छत एकच हाय,” तो म्हणाला. “भोकं आतून असतात, वर कापड ताणलेलं. हँडल सुट्टं मिळते. मी बसवून देतो.”

दोन शोरूमांत मी हँडल मागितलं होतं आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बहुधा त्यांनाही माहीत नसावं. ते गाडी विकत होते, उघडत नव्हते. मी परत आत गेले आणि मॅनेजरकडून हँडल बसवून देण्याचं लिहून घेतलं. पॅकेज काढायला लावलं. तरीही परभणीची किंमत नांदेडपेक्षा थोडी जास्तच पडली. शाळेतल्या सरांनी तो कागद बघून मला फसवलं म्हणून सांगितलं. मी त्यांना समजावत बसले नाही.

गाडी न्यायच्या दिवशी त्यांनी लाल फीत लावली, केक आणला, फोटो काढले. मिस्त्री कुठे दिसला नाही, त्याची सुट्टी होती. हँडल मात्र होतं. रंग छतापेक्षा किंचित गडद होता.

पहिल्यांदा मी एकटीनं अक्काला नांदेडला नेलं तो दिवस डिसेंबरातला. तिला आत बसायला बराच वेळ लागला. मी हात पुढे केला तर “सरक तिकडं,” म्हणाली. मागे एक हळदीचा टेम्पो थांबला होता, हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानं थांब म्हटलं. पूर्ण रस्ता मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हात आता यापेक्षा फारसा सुधारणार नाही, पायाचा व्यायाम चालू ठेवा. अक्कानं मान हलवली. तिला हे आधीच कळलं असावं.

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. माझे खांदे दगडासारखे झाले होते. घरासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि मला उतरायचं बळ होईना. अक्काही हलली नाही. आम्ही काचा खाली करून तशाच बसलो. शेजारच्या काकू दारात आल्या, दोघींकडे बघून घाबरल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या.

“काही न्हाई,” अक्का म्हणाली. “बसून राहिलो जरा.”