कवळी बसल्यावरचा ट्रम्पेट

माझे सासरे वेवजीच्या आसपासच्या लग्नांत ट्रम्पेट वाजवायचे. सीमेपलीकडे गुजरातेतूनही त्यांना बोलावणं यायचं. मग पुढचे दात गेले, कवळी आली आणि वाजवणं थांबलं. जुन्या ट्रम्पेटची बटणं अडकून बसली. गेल्या हिवाळ्यात भाताची झोडणी आटोपली, तेव्हा बाबा, म्हणजे सासरे, एकदम म्हणाले, "बाय, डहाणू रोडला येतेस? ट्रम्पेट बघायचाय."

मी वरोरची. ट्रम्पेट फक्त वरातीत, तोही लांबून पाहिलेला. एवढ्याशा नळीतून तेवढा आवाज निघतो कसा, याचं मला लहानपणापासून नवल. लगेच निघाले.

स्टेशनजवळच्या दुकानात बाबांनी सरळ वरच्या फळीवरचा जड, भारीतला ट्रम्पेट मागितला. फुंकला. नुसती हवा आली. परत फुंकला, तर सूर उमटला आणि मध्येच तुटला. दाब पडला की कवळी हलत होती.

दुकानदाराने खालून एक हलका काढला. "आ जुओ, काका, हा बघा. याला दम कमी लागतो. माउथपीसची कड रुंद आहे, ओठाला टोचणार नाही."

"हा शिकाऊ पोरांचा," म्हणत बाबांनी हात मागे घेतला.

"मग मी बघू?" मी विचारलं.

गाल फुगवून जोरात फुंकलं. काहीच नाही.

"फुगा नाही फुगवायचा," बाबा म्हणाले. "ओठ मिटून घे. माशी गुणगुणते ना, तसे थरथरव."

या खेपेला रेडकासारखा काहीतरी आवाज निघाला. बाबा हसले, आणि दाखवायला म्हणून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. सूर आला. भरदार, न तुटता. मग वरातीतल्या एका गाण्याची ओळच वाजवली त्यांनी. थांबून ओठ पुसले.

"वरचे सूर आता नाही जमायचे. मधले जमतील."

"मग तो जड कशाला बनवतात?"

"दम असला की तो मैदानभर वाजतो. दम नसला की वाजवणाराच थकतो."

हलकाच घेतला. माझ्यासाठी वेगळा माउथपीसही घेतला, तो मात्र बाबांनी स्वतःहून.

सकाळी अंगणात ते वाजवतात, दुपारी मी. मला अजून थोडेच सूर येतात; जरा वर गेलं की ओठ सुटतात. बाबा म्हणतात, पोटातून फुंक. पोटातून म्हणजे नेमकं कुठून, ते मी अजून शोधतेय.